अंगावरचं

हवा भरत असतानाच बीपीचा पट्टा दंडावरून चर्रकन सुटला आणि टेबलावर पडला. नर्स हसली. "अरे बाई, ये तो खुल ही गया," ती म्हणाली, "हाथ है कि..." आणि तिनं वाक्य तिथंच सोडलं, कारण मागच्या बाकावर बसलेल्या बायकाही हसल्या होत्या आणि पुढं बोलायची गरज उरली नव्हती. वसुधाही थोडी हसली. अशा वेळी आपणही हसून घ्यायचं असतं हे ती फार लहानपणी शिकली होती. नर्सनं पट्टा पुन्हा गुंडाळला, सुटू नये म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरला आणि डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत रबरी फुगा दाबायला सुरुवात केली. दंड चिमट्यात सापडल्यासारखा झाला, बोटं जड झाली. काचेच्या नळीतला पारा वर गेला, थरथरत खाली आला. "बीपी बहुत है," डॉक्टरीणबाई पाऱ्याकडे बघत म्हणाल्या. "नमक एकदम बंद. और ये वज़न... कितनी बार बोला है? ऐसे ही रहा तो बच्चे को ख़तरा है. ऑपरेशन तो करना ही पड़ेगा." पुढची बाई खुर्चीशी येऊन उभीसुद्धा राहिली होती. वसुधा ब्लाउजची बाही खाली ओढत बाहेर आली.

हाथ है कि काय? प्रसूतिगृहाच्या पायऱ्या उतरताना ती त्या मोकळ्या जागेत एकेक शब्द ठेवून बघत होती. खंबा. तकिया. जाँघ. यातला कुठलाच तिला फारसा लागला नाही. आपल्याला वाईट वाटत नाहीये, नुसता शब्द हवा आहे, हे तिच्या लक्षात आलं आणि त्याचंच तिला जरा नवल वाटलं. बाहेर ऊन रणरणत होतं. चौकात नवं होर्डिंग लागलं होतं: एकाच बाईचे दोन फोटो, डावीकडे जाड, उजवीकडे बारीक, आणि खाली महिन्याभरात फरक दिसेल अशी हमी. इंदुरात असली दुकानं आता गल्लोगल्ली निघत होती. केबल आली होती, केबलवर सकाळी घट्ट कपड्यातल्या बायका हातपाय उडवत व्यायाम करत. वसुधा टेंपोची वाट बघत त्या डावीकडच्या बाईकडे पाहत राहिली. उजवीकडची बाई लोकांकडे बघून हसत होती. डावीकडची हसत नव्हती. फोटो काढून झाल्यावर ती कुठं गेली असेल, असं वसुधाच्या मनात आलं. टेंपो आला. आत एक मुलगी अंग चोरून बाजूला सरकली. नेहमीसारखीच, जाड बाई शेजारी बसली की सरकतात तशी. पोटुशी बाई बसली की सरकतात ते वेगळं असतं. ते वसुधानं इतर बायकांच्या बाबतीत पाहिलं होतं.

सातवा महिना संपत आला तरी घराबाहेर कुणाला कळलंच नव्हतं. पोट तिला आधीपासून होतंच. भरल्या घरात एखादा पाहुणा येऊन राहावा आणि शेजाऱ्यांना त्याचा पत्ताही लागू नये, तसं ते मूल तिच्यात येऊन राहिलं होतं. ती ज्या मराठी शाळेत तिसरीला शिकवायची तिथं तिनं रजेचा अर्ज दिला तेव्हा मोठ्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं होतं, "तुझा? अगं, पण तू तर..." आणि मग त्याही थांबल्या होत्या. लोक तिच्याशी बोलताना वाक्यं अर्धी सोडतात हे तिला सवयीचं होतं. लग्नाच्या वेळी तिच्या वडिलांनी मुलाकडच्यांना सांगितलं होतं, "मुलगी अंगानं थोडी..." आणि हात हवेत नुसता फिरवला होता. सासूनं, आनंदीबाईंनी, तेव्हा काही म्हटलं नव्हतं. त्या स्वतः काटकुळ्या. नऊवारीच्या निऱ्यांत त्या असतात की नाही असं वाटावं इतक्या. म्हणाल्या त्या नंतर, वर्षानुवर्षं, कामाच्या ओघात. जिन्यात समोरासमोर गाठ पडली की, "तू आधी हो, दोघी नाही मावायच्या." पोळ्या लाटताना, "तुझ्या मानानं चार जास्त टाकते." कडवटपणे नव्हे, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. पण दिवस राहिल्यापासून त्या तसं काहीच बोलेनाशा झाल्या होत्या. वसुधाला उलट त्या गप्प राहण्याचीच भीती वाटत असे.

घरी येऊन तिनं सांगितलं, "आई, मीठ बंद केलंय." आनंदीबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि संध्याकाळपासून तिच्यापुरतं वेगळं पातेलं चुलीवर चढलं. बिनमिठाचं वरण, बिनमिठाची दोडक्याची भाजी. पहिले काही दिवस ती ते गिळत असे. पुढं पुढं जिभेला काही अपेक्षाच राहिली नाही. भिजलेला कागद चघळल्यासारखं वाटे. आणि सगळं शहर तर मिठावर जगणारं. बड्या गणपतीच्या त्यांच्या गल्लीत तोंडाशीच शेव तळणाऱ्याचं दुकान होतं, दुपारपासून बेसनाचा, लवंगेचा वास खिडकीतून सरळ तिच्या उशीपर्यंत यायचा. हृषीकेश सकाळी पोह्यांचा पुडा आणायचा आणि तिच्यासमोर नको म्हणून बाहेर ओट्यावर बसून खायचा. ती आतून कागदाची कुरकुर ऐकायची. नवऱ्याचा हा विचारीपणा तिला उमजायचा, आणि तरीही त्या आवाजाचा तिला राग यायचा. मग ती रागावरून मन काढून घ्यायची, स्वेटरमधून सुई काढून घ्यावी तसं.

हृषीकेश कापडाच्या मिलमध्ये, ठाणांच्या घड्या घालतात त्या घडीखात्यात कारकून होता. त्याचे वडील बाबूराव तिथंच हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेले. मिल एका सकाळी बंद झाली ती बंदच राहिली. पुढं कितीतरी दिवस हृषीकेश इस्त्रीचा शर्ट घालून वेळेवर निघायचा आणि बंद फाटकासमोर बाकीच्यांबरोबर बसून परत यायचा. "काही नवीन?" असं वसुधानं सुरुवातीला विचारलं, मग विचारायचं सोडलं. आता तो पोलोग्राउंडला प्लॅस्टिकचे डबे काढणाऱ्या एका लहानशा कारखान्यात जायचा. अंगाला मिलच्या खळीचा वास यायचा तो जाऊन वितळलेल्या प्लॅस्टिकचा यायला लागला होता. या काळात तो बारीक होत गेला. मनगटावरचं घड्याळ वर कोपराकडे सरकायला लागलं. ती होती तेवढीच राहिली. रस्त्यानं दोघं बरोबर चालले की आपण त्याचं काहीतरी खाऊन टाकलंय असं लोकांना वाटत असेल, असा एक विचार तिला अधूनमधून येई. त्यात आता डॉक्टरीणबाईंच्या वाक्याची भर पडली होती. बच्चे को ख़तरा है. खतरा बाहेर नव्हता, दुसरीकडे कुठं नव्हता. मूल ज्याच्या आत होतं तेच अंग खतरा होतं. ती दुपारी डाव्या कुशीवर पडून राहायची आणि आतली हालचाल ऐकायची. मूल सावकाश वळायचं, थांबायचं. त्याला मात्र या अंगाबद्दल काही तक्रार असावी असं दिसत नव्हतं.

डोहाळजेवण करायचंच असं आनंदीबाईंनी परस्पर ठरवलं. मंडपवाल्याकडून फुलांचा झोपाळा आला, लोखंडी चौकटीचा, वर झेंडूच्या माळा. हिरवी साडी आणली होती. ब्लाउजचं कापड दोन जागी जोडून घ्यावं लागलं होतं आणि जोड काखेत झाकला होता. गल्लीतल्या बायका जमल्या. झोपाळ्याचा विषय कुणी काढेना आणि सगळ्या झोपाळ्याकडेच बघत होत्या. शेवटी समोरच्या घरातल्या काकू मंडपवाल्याला हसत म्हणाल्या, "भिया, झेपेल ना रे तुझ्या या झोपाळ्याला? नहीं तो बाद में बोलेगा, पैसे भरो." बायकांत एक मऊ, दाबलेलं हसू फिरलं. मंडपवाला कड्या तपासायला लागला. तो खरोखरच मन लावून कड्या तपासत होता, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. वसुधाला स्वतःचा आवाज ऐकू आला, "उभ्यानंच भरा ओटी. बसायला-उठायला त्रास होतो मला." त्रास काही होत नव्हता. आनंदीबाई तिच्याकडे आल्या, तांदूळ-नारळ पदरात घातला, हळदीकुंकू लावलं, आणि कुणी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "चला, पानं वाढलीत." त्या दिवसाच्या फोटोत वसुधा उभी आहे, हिरवीगार, आणि पुढं तो फुलांचा झोपाळा रिकामाच आहे. सासूनं आपल्याला सोडवलं की आपली लाज लवकर आटोपती घेतली, हे तिला ठरवता आलं नाही.

नवव्या महिन्यात पाय सुजले म्हणून तिला भरती व्हायला सांगितलं. वॉर्डात त्या दिवशी एक नवीनच डॉक्टर होती, शर्वरी नावाची, अजून शिकणारी असावी, वेणी घातलेली. नर्सनं पट्टा आणला, पुन्हा दोन्ही हातांनी दाबून धरला. शर्वरीनं हात मागं घेतला. "सिस्टर, हे काय करताय? ये तो इनको छोटा है ना. इसमें तो किसी का भी बढ़ के आएगा." नर्स म्हणाली, "मैडम, हमेशा इसी से लेते हैं." शर्वरी बाहेर गेली. ती गेली ती बराच वेळ आली नाही. वसुधा उघडा दंड तसाच पुढं ठेवून बसून राहिली. मग शर्वरी एक रुंद, जाडजूड पट्टा घेऊन आली, दुसऱ्या वॉर्डातून मागून आणलेला, मांडीला लावतात तसला. तो दंडाभोवती नीट बसला. हवा भरली तरी चिमटा बसला नाही. कुणीतरी भरल्या हातानं दंड धरावा एवढंच वाटलं. शर्वरीनं एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. "मावशी, तुमचं बीपी ठीक आहे," ती म्हणाली. "पहिल्यापासून ठीकच असणार. तुम्हाला इतके महिने कुणी मोठा पट्टा लावलाच नाही?"

वसुधाला वाटलं, आता आपल्याला आनंद होईल. तो आला नाही. मोठ्या डॉक्टरीणबाई फेरीवर आल्या, त्यांनी कागद पाहिला, "अच्छा? ठीक है, नमक खाने दो," म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. तेवढंच. संध्याकाळी आनंदीबाई डबा घेऊन आल्या तेव्हा तिनं सांगितलं, "मीठ चालेल म्हणतात. बीपी नव्हतंच. पट्टा लहान होता." आनंदीबाई डब्याचं झाकण हातात धरून उभ्या राहिल्या. "म्हणजे?" "म्हणजे काही नाही. त्यांचा पट्टा लहान होता." आनंदीबाई डबा तसाच घेऊन बाहेर गेल्या आणि कुठून तरी पुडीत मीठ घेऊन आल्या. वरणात घातलं, बोटानं ढवळलं. पहिल्या घासाबरोबर वसुधाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते रडणं नव्हतं. तोंडाला पाणी सुटतं तसं ते डोळ्यांना सुटलं होतं. ती जेवत राहिली, पाणी येत राहिलं. आनंदीबाई दुसरीकडे बघत बसल्या होत्या.

ऑपरेशन अखेर झालंच, पण वेगळ्या कारणासाठी: कळा सुरू झाल्यावर बाळाचे ठोके मंदावले. मुलगी झाली. चांगली वजनदार, काळ्याभोर केसांची. वसुधाला शुद्ध आली तेव्हा पोटाच्या घडीखाली आग होत होती आणि शेजारी पाळण्यात कुणीतरी तारस्वरात रडत होतं. मुलीला अंगावर घेतलं तर ती टाक्यांवर यायची; कुशीवर वळावं तर वळता यायचं नाही. आणि छातीशी धरलं की तिचं एवढंसं नाक, तोंड, सगळंच त्या मांसात बुडून जायचं. मुलगी चवताळून मान मागं टाकायची, लाल व्हायची. नर्स येऊन म्हणाली, "अरे देखो, बच्ची का दम घुट जाएगा. इतने भारी में नहीं होता. पाउडर का दूध मँगा लो." दम घुट जाएगा. वसुधानं मुलीला पटकन दूर केलं आणि पाळण्यात ठेवलं. मग तिनं तिला उचललंच नाही. छाती भरून दगड झाली, अंगात कणकण आली. वॉर्डभर बायका आपापली पोरं घेऊन पडल्या होत्या, एकमेकींशी बोलत होत्या, आणि ती छताकडे बघत मनाशी शांतपणे ठरवत होती: ठीक आहे, बाटलीनं वाढेल. पुष्कळ मुलं वाढतात. आपण थोडं लांबूनच सगळं करू. लांबून काही धोका नाही. हृषीकेश आला, पाळण्यात वाकून बराच वेळ बघत राहिला, मुलीनं त्याचं बोट धरलं तर ते सोडवून घ्यायला त्याला जमेना. "वसू, पावडरचा डबा आणू ना मग?" त्यानं विचारलं. "आणा," ती म्हणाली. तो निघाला तेव्हा आनंदीबाई दाराशी पोचत होत्या.

"कुठं निघाला?"

"पावडरचं दूध आणायला. नर्स बोलली."

"थांब जरा. बाहेर बस."

त्या आत आल्या. पिशवी खाली ठेवली, पलीकडच्या खाटेवरची उशी मागून घेतली आणि काही न विचारता वसुधाच्या बगलेत खोचली. मुलीला उचललं, आणि आडवं न धरता तिचे पाय मागच्या बाजूला घालून तिला काखेखाली ठेवलं, बाजारातून येताना पिशवी कुशीत दाबून धरावी तसं. पोटाच्या टाक्यांना तिचा स्पर्शही झाला नाही. "अशी धरायची," त्या म्हणाल्या. "हात मानेखाली घाल. घाबरू नको."

"आई, नको. गुदमरेल ती."

"नाही गुदमरत."

"नर्स म्हणाली ना. माझ्या अंगानं..."

"तुझ्या अंगानं काही होत नाही." आनंदीबाई खाटेच्या कडेला जेमतेम टेकल्या. त्या मुलीकडेच बघत होत्या. "मला दूधच आलं नव्हतं. हृषी झाला तेव्हा. एक थेंब नाही. आम्ही तेव्हा मिलच्या क्वार्टरांत होतो. शेजारी लक्ष्मी होती, सूतखात्यातल्या एकाची बायको. तुझ्यासारखीच, अंगानं. तुझ्यापेक्षाही. तिला मुलगी झालेली. ती एका बाजूला आपलं पोर घ्यायची, अशी काखेत, अन् दुसऱ्या बाजूला हृषीला. दोघं एकदम. मी समोर बसून बघायचे."

वॉर्डात कुणाचा तरी ट्रान्झिस्टर लागला होता. आनंदीबाई त्या बाईबद्दल आजवर एक शब्दही बोलल्या नव्हत्या. हृषीकेशला तरी माहीत असेल का?

"माहीत नाही त्याला," तिनं विचारायच्या आधीच आनंदीबाई म्हणाल्या. "क्वार्टर सोडलं, मग मी तिच्याकडे गेलेच नाही. रस्त्यात दिसली तर गल्ली बदलायचे. हा तिच्या अंगावर काय शांत असायचा. माझ्याकडे घेतला की रडायचा, हाडं टोचायची त्याला. मी तिला फार नावं ठेवायचे. जाडी म्हणायचे, म्हैस म्हणायचे, घरात. तूही आलीस तर..." त्या थांबल्या. या वेळी वसुधाला पुढचे शब्द शोधावे लागले नाहीत. "मेली ती मागे," आनंदीबाई म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाकडून कळलं. हं, घे आता. भुकेली आहे पोर."

मुलीनं तोंड उघडलं, चाचपडलं, सुटलं, पुन्हा धरलं. आनंदीबाईंनी पुढं वाकून आपली दोन वाळकी बोटं मुलीच्या नाकापाशी वसुधाच्या छातीवर ठेवली आणि मांस हलकेच मागं दाबलं. बोटांच्या आणि नाकाच्या मध्ये एक लहानशी फट झाली. तेवढी हवा पुरत होती. बोटं खरखरीत होती, गार होती, मसाल्याचा वास होता त्यांना. लग्नानंतरच्या आठ वर्षांत त्या दोघींनी एकमेकींना वाकून नमस्कार आणि हळदीकुंकू यापलीकडे कधी हात लावला नव्हता. आता दूध उतरताना आतून कळ उठली, तिच्या तोंडून अस्पष्टसं काहीतरी निघालं, आणि मुलगी घटाघट गिळायला लागली. तो आवाज स्पष्ट ऐकू येत होता, एवढ्याशा गळ्यातून निघणारा, अगदी कामातल्या माणसासारखा नेटका.

दारातून हृषीकेशनं डोकावून विचारलं, "आणू का मग मी?"

"काही आणू नको," आनंदीबाई मान न वळवता म्हणाल्या. "जा, चहा पिऊन ये."

तो गेला. वसुधाला वाटलं, आता त्या बोटं काढून घेतील आणि आपल्याला स्वतः धरायला सांगतील. कधी ना कधी सांगतीलच. पण वाकून वाकून आनंदीबाईंना दुसरा हात खाटेच्या दांडीला टेकवावा लागला तरी त्यांनी बोटं काढली नाहीत. तेव्हा वसुधा खाटेवर थोडी आत सरकली, एका काटकुळ्या बाईपुरती जागा झाली, आणि ती म्हणाली, "आई, वर बसा."